आधी दात की आधी काउंटर

कपडे शिवणारे गल्लोगल्ली सापडतात, पण शिवलेला कपडा न फाडता उसवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. त्यातल्या एक म्हणजे उसवणमावशी. कोटाचं अस्तर असो की पँटची चेन, मावशी उसवणार आणि कापडावर ओरखडाही उठणार नाही. कपडे दुरुस्तीच्या ज्या दुकानात त्या कामाला होत्या, तिथे सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. शिवायला कुणीही शिवतं, उसवायला अक्कल लागते, असं मावशी म्हणायच्या. म्हणायच्या, म्हणजे पूर्वी. हल्ली त्यांना बोलायचाही कंटाळा येई.

का नाही येणार? एकतीस वर्षं एकाच मशीनवर बसून मानेचा पार खुळखुळा झाला होता. दुपारचे तीन वाजले की सुईचं नेढं दिसेनासं होई. मग शेजारच्या मशीनवालीकडून दोरा ओवून घ्यायचा, आणि तिने नुसता उसासा टाकला तरी मावशींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यामुळे काउंटरवरची बाई काम सोडून गेली तेव्हा मावशींच्या मनात आलं, ही जागा मिळाली तर सुटले बाई. कपडे घ्यायचे, खडूने खूण करायची, चिठ्ठी टाचायची. पाठ टेकायला खुर्ची. आणि नाहीच मिळाली, तर वर्षभरात डोळेच त्यांना घरी बसवणार होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मावशींनी ती जागा मागितली, तेव्हा मालकांनी नाही म्हटलं नाही. तोंडावर नाही म्हणायला छाती लागते, आणि ती त्यांच्याकडे कधीच नव्हती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, गिऱ्हाईक आधी तोंड बघतं, तेव्हा तेवढं दाताचं काहीतरी करून घ्या, मग बघू.

मावशींच्या वरच्या दोन मोठ्या दातांपैकी एकाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं, फार दिसतं का हो? तो म्हणाला, इतकी वर्षं बघतोय, मला तर आजच कळलं. हे कौतुक समजावं की कपाळावर हात मारून घ्यावा, हे मावशींना ठरवता येईना, म्हणून त्या भांडी घासायला गेल्या.

दातांची डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिने समजावून सांगितलं. याला बॉन्डिंग म्हणतात. दाताच्याच रंगाचा मऊ लेप खाचेत भरायचा, आकार द्यायचा आणि निळ्या दिव्याने कडक करायचा. दात फारसा घासावा लागत नाही, तासाभराचं काम. फक्त तो खऱ्या दाताइतका दणकट नसतो. चहाने डागाळतो, काही वर्षांनी डागडुजी लागते, आणि दाताने कठीण काही तोडायची सवय असेल तर टवका उडतो. मग तिने विचारलं, ही खाच पडली कशाने?

मावशी म्हणाल्या, जिन्यात पडले होते.

धडधडीत खोटं. पण खरं सांगितलं तर ही बाई नाही म्हणेल आणि काउंटर हातचा जाईल, या भीतीने जीभ परस्पर वळली.  आधी कसं दिसेल ते बघा, म्हणून डॉक्टरने कायमचं न चिकटवता लेपाचा एक तुकडा नुसता दाताला बसवला आणि आरसा हातात दिला.

मावशी आरशात बघतच राहिल्या. दात अख्खा होता, आणि बाकीचा चेहरा तोच, थकलेला, डोळ्यांखाली काळा. तरी बरं वाटलं त्यांना. खोटं कशाला बोला, खूपच बरं वाटलं.

डॉक्टर आरसा परत घ्यायला वाकली, तेव्हा तिच्या बाहीच्या बटणाचा दोरा सुटून लोंबत होता. मावशींनी एकतीस वर्षांच्या सवयीने बाही धरली, दोरा बटणाखाली गुंडाळला, गाठ मारली आणि दाताने कट्‌कन तोडला. बटण घट्ट बसलं. लेपाचा तुकडा त्यांच्याच मांडीवर पडला.

दोघी त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? मावशींनी सगळं सांगून टाकलं. कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मोठ्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली होती. कात्री उचला, ठेवा, त्यात वेळ जातो, देवाने दात कशाला दिलेत? तेव्हापासून दिवसाला शंभर-दीडशे वेळा दोरा दातानेच. सगळ्यांत जलद हात आपला, याचा मावशींना गर्वही होता, हेही त्यांनी सांगितलं.

"मावशी, लेप तुमच्या दाताला चालेल, तुमच्या कामाला नाही," डॉक्टर म्हणाली. "आधी मशीन सोडा. दोन महिने दोरा तोंडात घालू नका, मग या. आज फक्त टोचणारी कड घासून देते."

घरी जाताना मावशींचं डोकं भणभणलं. डॉक्टर म्हणते आधी मशीन सोडा, मालक म्हणतात आधी दात भरा. इकडे आड तिकडे विहीर. दुसऱ्या डॉक्टरकडे जावं, तिथे जिन्याची थाप नीट मारावी, असंही मनात आलं. पण थाप मारायलाही अंगात जोर लागतो. तो कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक कोट हँगरला लावत होते. मावशींनी डॉक्टरचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. मालक म्हणाले, अहो, घाई आहे म्हणून सांगायचं ना तिला.

मावशींचा आवाज चढला नाही. चढवण्याइतकी ताकदच नव्हती.

"मालक, हा दात याच दुकानात झिजलाय. तुमच्या वडिलांनी कात्री काढून घेतली, म्हणून मी दात पुढे केला. आता त्याच दाताची दुकानाला लाज वाटते?"

मशीनं एकेक करून थांबली. मालकांचे कान लाल झाले. त्यांनी तोच कोट दोनदा हँगरवरून काढून दोनदा लावला, आणि म्हणाले, सोमवारपासून बसा काउंटरवर. एवढ्यावर गप्प बसावं की नाही माणसाने? पण छे.

"फक्त गिऱ्हाईकासमोर जरा तोंड मिटून हसत जा," ते म्हणाले.

मावशींनी चष्मा काढला, बोटांनी डोळे दाबले आणि परत लावला.

"मालक, मला हसायला यायला लागलं ना, की आधी तुम्हालाच येऊन सांगेन."

आणि त्या मशीनवर जाऊन बसल्या. सोमवारला अजून चार दिवस होते, आणि उसवायच्या पँटींचा ढीग तसाच पडला होता.