राडूकाकांची सिम्फनी

भूतबित काही नसतं, या मताचा मी. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, त्यावर माझा विश्वास बसत नाही. तरीही हे लिहितोय... हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही परदेशात, श्रूजबरीत राहतो. नागपूरला लहानपणी शिकलेलं व्हायोलिन इथे पुन्हा बाहेर काढलं आणि गावच्या हौशी ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत जागा मिळवली. आमचे कंडक्टर राडूकाका, रोमानियाचे. काका मीच म्हणायचो, त्यांना ते आवडायचं. तरुणपणी बुखारेस्टमध्ये त्यांचं मोठं नाव होतं. सत्ताधाऱ्यांचं गुणगान करणारं संगीत लिहायला त्यांनी नकार दिला, तेव्हापासून त्यांच्या रचना वाजायच्या बंद झाल्या. मग एका दौऱ्यावर बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. इथे आयुष्यभर शाळेतल्या मुलांना शिकवलं, आणि शनिवारी आमच्यासारख्यांना. चिडायचे भयंकर! हाताचे इशारे कमीच. नाकाने जोरात श्वास घ्यायचे — तो ऐकला की आपण सुरू व्हायचं.

त्यांनी एकच सिम्फनी लिहिली होती, पण ती कुणाला वाजवू दिली नाही. "अजून तयार नाही," एवढंच म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

त्यांची बायको, एलेनाकाकू, कायमच्या रोमानियाला भावाकडे निघाल्या होत्या. म्हणाल्या, "जाण्याआधी ती एकदा पूर्ण ऐकायची आहे मला. ऑर्केस्ट्रावर."

चर्चच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आम्ही ती वाजवली; काकू समोरच बसल्या होत्या. कंडक्टर गेला की त्याच्या मानासाठी त्याचा उभं राहायचा चौथरा, म्हणजे पोडियम, रिकामा ठेवून वाजवतात. त्यामुळे इशारे द्यायची जबाबदारी पहिल्या व्हायोलिनवरच्या गार्गीवर होती, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. शेवटाच्या आधी एक विराम आहे. किती थांबायचं, ते लिहिलेलंच नाही. तालमीत तिथे दर वेळी आमची वाट लागायची. कुणी आधी सुरू, कुणी नंतर. काकूंना आता दुसरी संधी नव्हती, म्हणून मला त्याचीच धास्ती होती.

विराम आला. आम्ही थांबलो... गार्गी हलेना. फार वेळ गेला. आता पचका होणार, असं वाटलं — आणि रिकाम्या पोडियमवरून नाकाने घेतलेला तो श्वास ऐकू आला. सगळे एकदम सुरू झालो. माझे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही.

नंतर गार्गी माझ्याजवळ येऊन रडायला लागली. "काका, मी क्यू दिलाच नाही. आय जस्ट फ्रोझ. यू हर्ड इट टू, राइट?"

"ऐकलं," मी म्हणालो.

रेकॉर्डिंग मी कितीतरी वेळा तपासलं. त्यात श्वास नाही. नुसती शांतता, आणि मग आम्ही.

काकूंना आम्ही यातलं काहीच सांगितलं नव्हतं. निघताना त्यांनी माझा हात धरला. "घरी पियानोवर राडू तिथेच थांबायचा. मी स्वयंपाकघरातून मान वर करून त्याच्याकडे बघेपर्यंत पुढे वाजवायचाच नाही. आज मला वर बघवत नव्हतं. शेवटी बघितलं... आणि तुम्ही सुरू झालात."

मान वर केल्यावर काकूंना पोडियमवर काय दिसलं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.