अळणी ताट

धुकं नदीवरनं चढून गावात शिरलं होतं. गोठ्यातल्या म्हशीचं तोंड दिसत नव्हतं, नुसता रवंथ ऐकू यायचा. अंजनानं शेण काढलं, हात धुतले आणि नवऱ्याच्या वाकळेपाशी येऊन बसली. रोजच्यासारखा त्याच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा पडला. लवकर भरून येईना.

"काय म्हंतोय खड्डा?" जोतीरामनं विचारलं.

"कालच्यापरीस खोल हाय."

"मग लाव की त्यात एक लिंबू. तुजं समदं लिंबावरच चाललंय."

ती हसली नाही.

लढाई संपल्यावर जोतीराम ब्रह्मदेशातून परतला तो तोंड सुजवूनच. ताकारीला आगगाडीत घालून त्याला मिरजेला नेलं. गुरदं बिघडलंय, अंगात पाणी साचतंय, म्हणाला डॉक्टर. औषध थोडंच दिलं, पथ्य मात्र कडक. मीठ बंद. लोणचं, पापड, खर्डा, सुकी मासळी, काही नाही. अंगठ्याची खूणही त्यानंच शिकवली. खळगा उथळ होत गेला तर गडी वाचंल, खोल गेला तर गेलाच धरून चाला.

तेव्हापासून चुलीवर दोन गाडगी चढायची. धाकट्यात जोतीरामचं. दुधी, नाहीतर मुगाची डाळ. वर लसूण, आलं, कोथिंबीर, पिळलेलं लिंबू.

"पलटणीतल्या बिस्किटाला बी ह्याच्यापरीस चव व्हती," तो म्हणायचा.

"मग बिस्किटासंगं लगीन लावायचं हुतं."

तो जेवला की ती त्याच्याच ताटात उरलेलं खायची. बायकांची रीतच तशी. अळणी तिच्याही तोंडाला सवयीचं झालं, आणि खळगा उथळ होत गेला.

मग ऊस तुटायला लागला. धाकटं गाडगं शिजवून ती उजाडताच फडावर जायची. त्याला वाढायचं काम सासूकडं, मनुबाईकडं आलं. खळगा परत खोल होऊ लागला. अंजनानं दूध कमी केलं, पाणी मोजून दिलं. काही उपयोग होईना.

त्या दिवशी धुक्यानं तोडणी थांबली आणि ती जेवणाच्या वक्ताला घरी आली. जोतीरामचं उष्टं ताट तसंच पडलं होतं. तिनं बोटं बुडवून घास तोंडात घातला. मग घास तसाच धरून बसली.

"आत्याबाई, ह्यात मीठ हाय."

मनुबाई सुपात ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"हाय. चिमूटभर."

"आवं, डाक्तरनं काय सांगितलंया?"

"डाक्तरला काय ठावं? मौताच्या घरात अळणी खात्यात, अंजने. माज्या जित्या लेकरापुढं तसलं ताट रोज ठिवू व्हय मी?"

अंजनानं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमास्नी कळत नव्हतं?"

"कळत हुतं."

"मग?"

"चव लागत हुती," जोतीराम म्हणाला. "आन् म्हातारी बी जवळ बसायची जेवू घालताना. काय बोलायचं?"

ती भांडली नाही. मिठाचं मडकं उचलून शेजारच्या विजयमालाकडं ठेवून आली. त्या दिवसापासून घरात एकच गाडगं चढलं, तेही अळणी. मनुबाईनं ते निमूट खाल्लं. खळगा काही उथळ झाला नाही. पुढं पुढं तर अंगठा उचलला तरी तो तसाच राहायचा, ओल्या मातीत उमटल्यासारखा.

शिमग्याच्या आधी जोतीराम गेला.

सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून विजयमालानं भाकरी-कालवण आणलं. दोघी सासूसुना समोरासमोर बसल्या. मनुबाईनं घास घेतला.

"ह्यात मीठ न्हाई," ती म्हणाली.

"सुतकाचं हाय, आत्ती," विजयमाला हळूच बोलली.

"व्हय व्हय." मनुबाईनं दुसरा घास मोडला. तो हातातच राहिला.

अंजना जेवली. ताट पुसून घेतलं. तिला त्यात काही कमी लागलं नाही, आणि काही चवही लागली नाही. गोठ्यातनं म्हैस हंबरली. सकाळपासून तिला कुणी पाहिलं नव्हतं. अंजना उठली, पदर खोचला आणि गंजीतनं कडब्याची पेंडी ओढायला गेली.