सुभेदारांची कवळी

शेजारचे निवृत्त सुभेदार एकटेच राहतात. डॉक्टरांनी रात्रीचं खाणं बंद करायला सांगितलंय, पण भडंगाचा डबा दिसला की त्यांचा हात थांबत नाही. म्हणून जेवण झालं की ते कवळी काढतात आणि पाण्याच्या वाटीत घालून आमच्याकडे आणून देतात.

"डबा लपवून काय उपेग वैनी, लपिवणारा मीच. आता दातच तुमच्याकडं. मागितलं तरी द्यायचं न्हाई, ऑर्डर हाय."

परवा वाटी ठेवून गेले आणि घटकाभरात परत दारात उभे. मी त्यांना ऑर्डरीची आठवण करून दिली.

"खायाला न्हवं ओ. पोराचा व्हिडिओ कॉल येतोय बॉर्डरवरनं. बसल्यालं तोंड बघितलं, की काळजी करत बसतंय."

कवळी लावून ते आमच्याच पायरीवर बसले.

"आबा, रातचं खात न्हाईसा न्हवं?" पोरानं विचारलं.

"न्हाई रं गड्या," म्हणत ते सगळे दात दाखवून हसले.

फोन बंद झाला तरी थोडा वेळ ते तसेच हसत बसले होते. मला राहवलं नाही. मूठभर भडंग बशीत घालून मी बाहेर आले, तोवर त्यांनी कवळी काढून वाटीत सोडली होती.