लेक काय करते ते बघायला गेले

आमच्या बदलापूरच्या बेलवलीहून उल्हासनगर काही लांब नाही. तरी निघताना मी घडीची साडी नेसले आणि पिशवीत पाण्याची बाटली, रुमाल, बिस्किटाचा पुडा असं सगळं घेतलं. प्रज्ञा खाली स्कूटर चालू करून उभी होती. हे गॅलरीतून म्हणाले, "नीट बघून ये. संध्याकाळी मला सांग."

प्रज्ञा आमची मुलगी. नाटकाच्या शाळेतून पदवी घेऊन आली, तेव्हापासून ती डायरेक्शन करते. कधी नाचाचं, कधी नाटकाचं, कधी फिल्मचं. आता इथल्याच एका शाळेने तिला नाच शिकवायची कायमची नोकरी देऊ केली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यायचं होतं. हे म्हणाले, घे. ती म्हणाली, नको. आठवडाभर दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाललं. शेवटी तीच म्हणाली, "आईला एक दिवस माझ्याबरोबर येऊ दे. सगळं बघून ती म्हणाली नोकरी घे, तर घेते. नको म्हणाली, तर पप्पांनी परत विषय काढायचा नाही."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी भाजी कुठली करायची तेसुद्धा ह्यांना विचारून ठरवते. चौथीनंतर शाळा सुटली, तशी काही कळलं नाही तर विचारायची सवयही सुटली. डायरेक्शन म्हणजे काय, हे मी आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

अंबरनाथ ओलांडून आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये पोचलो. खाली कापडाचं दुकान, वर घर. सिंधी कुटुंब होतं, मुलाचं लग्न ठरलेलं. संगीतासाठी (लग्नाआधीचा नाचगाण्याचा कार्यक्रम) घरातल्या सगळ्यांचा नाच बसवायचा होता. मुलाची आई दारात आली. "अचो, अचो (या, या)! बैठो दीदी." लगेच पाणी आलं आणि बरोबर भाजलेला पापड. मला वाटलं, पापड आला म्हणजे मागून ताट येईल. मी पापड हातात धरून बसले. ताट काही येईना. मग बघितलं तर सगळे नुसताच पापड खाऊन वर पाणी पीत होते. मीही खाल्ला.

हॉलमध्ये मोठ्याने गाणं लागलं होतं आणि मुलाचे काका-मामा ओळीत उभे राहून चुकत होते. एक जाडे काका सारखे डावीकडे जात. त्यांची बायको ओरडली, "अरे, दुकान में तो बहुत नाचते हो कस्टमर के आगे!" कोपऱ्यात मुलाची आजी खुर्चीवर तोंड फिरवून बसली होती.

प्रज्ञा बराच वेळ सगळ्यांकडे बघत होती. मग तिने गाणंच बंद केलं, आजीच्या पायाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "अम्मा, आपके टाइम का लाडा सुनाओ ना." लाडा म्हणजे त्यांची लग्नातली गाणी. आजी आधी नाही नाही म्हणाली. मग बारीक आवाजात सुरू झाली. बायकांनी टाळ्या धरल्या आणि ते जाडे काका कोणी न शिकवता हात वर करून गोल फिरायला लागले. अगदी बरोबर.

"बस, यही रखेंगे," प्रज्ञा म्हणाली.

मुलाच्या आईने मला विचारलं, "आपकी बेटी खुद डान्सर है?"

"नाही... नहीं," मी म्हटलं.

"तो?"

मी पाणी प्यायले. नाच बसवायला आलेली मुलगी नाच थांबवून म्हातारीला गायला लावते आणि स्वतः जमिनीवर बसते. हे घरी जाऊन कसं सांगायचं, मला कळेना.

दुपारी अंबरनाथला आलो. मलंगगडाच्या बाजूचे डोंगर उन्हात पुसट दिसत होते. विहाराच्या मागच्या हॉलमध्ये नाटकाची तालीम होती. बाहेर चपलांची रांग, आत बाबासाहेबांच्या फोटोखाली नट मंडळी डबे खात बसलेली. बहुतेक कंपनीत काम करणारी माणसं. त्यांतले मोरेभाऊ ह्यांच्याच कंपनीतले निघाले.

"जय भीम वहिनी! तुम्ही इकडं कुठं?"

मी जय भीम केला आणि धीर करून हळूच विचारलं, "भाऊ, आमची प्रज्ञा इथं नक्की करते काय?"

मोरेभाऊंनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "खरं सांगू? मला बी नाय कळलं. पण परवा ती आली नव्हती, तर आम्ही सगळे एकाच वेळी बोलत होतो."

सगळे हसले. माझ्या गोंधळात भरच पडली.

तालीम सुरू झाली. नाटकात मोरेभाऊंना बायकोला सांगायचं होतं की कंपनी बंद झाली, उद्यापासून काम नाही. ते बोलता बोलता रडले. मला वाटलं, किती छान रडतात! प्रज्ञा म्हणाली, "काका, रडू नका. चप्पल शोधा."

"चप्पल? चप्पल तर पायात हाय."

"असू दे. तरी शोधा. शोधता शोधता सांगा."

मोरेभाऊ पायात चप्पल घालून पलंगाखाली चप्पल शोधायला लागले आणि तसेच वाकून म्हणाले, "कंपनी बंद झाली गं."

आमच्या घरात हे असंच झालं होतं. ह्यांच्या आधीच्या कंपनीला टाळं लागलं, त्या दिवशी हे चप्पल न काढताच घरात आले आणि पलंगाखाली चप्पल शोधत बसले. प्रज्ञा तेव्हा एवढीशी होती, भिंतीशी खेळत होती. ती बघत होती हे मला माहीतच नव्हतं. घरातलं चारचौघांत मांडलं म्हणून मला राग यायला हवा होता. पण मला तर पुन्हा बघावंसं वाटत होतं. राग कुठे गेला, तेही कळलं नाही.

शेवटचा मुक्काम आमच्याच बदलापूर गावात, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खोलीत. तिथे फिल्मचं शूटिंग चालू होतं. गोष्ट प्रज्ञाने स्कूटरवर सांगितली होती. एक मुलगी आईशी भांडून एकटी राहते. सकाळी भांडी तशीच टाकून कामाला जाते. संध्याकाळी येते, तर आई आलेली. आईचं काम करणाऱ्या बाई हिरवी साडी नेसून बाहेर ओट्यावर वाक्यं पाठ करत होत्या.

सगळे चहाला बाहेर गेले. मला एकटीला अनोळखी माणसांत चहा प्यायला लाज वाटली, म्हणून मी आत स्वयंपाकाच्या कोपऱ्यात थांबले. तिथे खरकटा कप, करपलेलं पातेलं, अर्धवट निवडलेली मेथी. नुसतं बसून काय करायचं? मी भांडी घासली, मेथी निवडली, स्वयंपाकाचा ओटा पुसून घेतला.

कॅमेरावाला आत आला आणि ओरडला, "अरे यार, ये किसने साफ किया? आधीचा शॉट याच कपाचा आहे! कंटिन्युइटी गेली ना सगळी!"

सकाळचा पसारा संध्याकाळीही तसाच दिसायला हवा होता, हे मला तेव्हा समजलं. हातातलं फडकं कुठे ठेवू, कळेना. सगळे प्रज्ञाकडे बघायला लागले. प्रज्ञा माझ्याकडे. आता ही काय बोलेल म्हणून मी खाली बघितलं.

"आई, तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही गं. चुकलं माझं."

ती चकचकीत पातेल्याकडे बघत राहिली, निवडलेल्या मेथीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कशाला हात लावू नका. हेच घेऊ. मुलगी दार उघडते, भांडी घासलेली. बस. आई दिसायलाच नको."

"म्हणजे मी नाही?" हिरव्या साडीवाल्या बाई म्हणाल्या. "अगं, मला पाठ झालंय सगळं! सकाळपासून नटून बसलेय."

"मावशी, सॉरी. खरंच सॉरी," प्रज्ञा त्यांचा हात धरून म्हणाली. पण त्यांचं ऐकलं नाही.

मग त्या मुलीने दार उघडलं. कपाकडे बघितलं. पातेल्याकडे बघितलं. मेथीपाशी आली आणि नुसती उभी राहिली. माझ्या हातात फडकं तसंच होतं. बाहेरच्या ओट्यावरून त्या बाईंनीसुद्धा खिडकीतून बघता बघता डोळ्याला पदर लावला.

दिवेलागणीला आम्ही बेलवलीला पोचलो. वाटेत प्रज्ञाने मला काही विचारलं नाही. हे बाहेरून येऊन गॅलरीतच खुर्ची टाकून बसले होते. ती हात-पाय धुवायला आत गेली.

"बघितलंस?" ह्यांनी विचारलं. "काय करते ती?"

दिवसभराचं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. नाच, आजी, मोरेभाऊ, मेथी. त्यातलं एकही धड सांगता येईना.

"बघते," मी म्हटलं.

"बघते? बघते म्हणजे काय? हे काय काम झालं?"

"ते मला नाही सांगता येत."

"मग शाळेला काय कळवायचं?"

"नको म्हणून कळवा."

आयुष्यात ह्यांना न विचारता मी एवढं पहिल्यांदाच ठरवलं असेल. हे रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत. उठले. "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो," म्हणाले आणि खुर्चीखाली वाकून चप्पल शोधायला लागले. चप्पल त्यांच्या पायातच होती.

मी सांगणार होते. तेवढ्यात मागे वळून पाहिलं. ओल्या हातांनी प्रज्ञा दारात उभी होती आणि बघत होती. मी त्यांना शोधू दिलं.