लोहगडवाडीला आज कुणी चाललंय का?

मैत्रिणींनो, माझा फोन बंद करून ठेवलाय, हे ह्यांच्या फोनवरून लिहितेय.

आमच्या महिला भजनी मंडळासाठी एक जुनी गवळण विकत घेऊन डाउनलोड करायची होती. ऑनलाइन दोन दुकानं सापडली. एक नावाजलेलं, पण सगळं इंग्रजीत. दुसरं मराठीत, वर बासरीवाल्या कृष्णाचा मोठा फोटो. मी बावळट, कृष्ण बघून भुलले.

मंडळात नवीन गाणं आधी ग्रुपवर टाकायचं, अशी आमची पद्धत. मी न ऐकताच टाकलं. मग सोमाटण्याला घरी येऊन उघडलं, तर ते गाणं नव्हतंच, कसलंसं ॲप होतं! घाईत 'हो' दाबलं आणि माझ्या फोनवरून आपोआप मेसेज जायला लागले.

ग्रुपवरून ते लगेच काढलं, सगळ्यांना फोन केले. नशीब, कुणी उघडलं नव्हतं. राहिल्या फक्त लोहगडवाडीच्या शेवंतामावशी. सकाळी बाजाराला खाली आल्या होत्या, तेव्हाच त्यांनी आवाज पाठवलाय: "उतरवून घेतलंय गं. घरी गेल्याव समद्यांना ऐकिवते. तू धाडलंय म्हंजी चांगलंच आसंल."

आता फोन लागत नाही. वर त्यांच्या घरी रेंजच नसते.

तुम्ही गाणी कुठून घेता, ते नंतर सांगा. आत्ता गडावर कुणी जात असेल, तर पायथ्याशी ताक विकतात त्याच ह्या शेवंतामावशी, त्यांना गाठा. म्हणावं, सुलूनं पाठवलंय म्हणूनच उघडू नका.