मेहुण्याची साक्ष

मिचियासूने आयुष्यात घाई एकदाच केली, आणि ती लग्नाची.

मंगोलांची जहाजं हिझेनच्या किनाऱ्याला भिडली तेव्हा तो आणि शेजारगावचा तोमोहिरा एकाच होडीतून लढायला निघाले. निघताना दोघांनी रीतीप्रमाणे एकमेकांना शब्द दिला: तू माझा पराक्रम पाहा, मी तुझा पाहतो. साक्षीदार नसेल तर इनाम जिथून मिळायचं त्या कामाकुराच्या दरबारी तुमचं शौर्य कवडीमोल. शत्रूच्या जहाजावर तोमोहिरा पहिला चढला आणि उजवा हात तिथेच गमावून आला. आता त्याला इनाम जमीन मिळणार, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. डाव्या हाताने नांगर धरता येत नाही, पण कुळं ठेवता येतात.

त्या आनंदाच्या भरात मिचियासूने त्याच्या बहिणीला, इशीला, मागणी घातली. सुगीपर्यंत थांबायला काय झालं होतं? पण नाही. लग्न उरकलं आणि मगच तो आणि तोमोहिरा इनाम मागायला कामाकुराला गेले.

अधिकाऱ्याने सगळं नीट ऐकलं. मग सहज विचारलं, "हे तुमचे कोण?"

"मेहुणा," मिचियासू छाती फुगवून म्हणाला.

"मग साक्ष चालत नाही. नात्यातला माणूस नात्यातल्याचंच गाणार."

"पण लढाईच्या दिवशी आमचं नातं नव्हतं, महाराज!"

"आज आहे ना? दुसरा कोणी असेल तर आणा."

दुसरा कोण आणणार? होडीतले बाकीचे सगळे समुद्राच्या तळाशी होते. मिचियासू पुढेही दोनदा जाऊन आला. उंबरे झिजवले, हाती काही लागलं नाही.

तोमोहिराने मात्र कधी बोल लावला नाही. उलट थट्टा करायचा, "अरे, बहिणीला नवरा मिळाला. एका हाताने मी आणखी किती घेणार?" मेहुण्याच्या घरची बाजरीची पेज पीत तो पन्नाशीच्या आतच गेला. ती थट्टा मिचियासूला शिव्यांपेक्षा जास्त लागायची.

तो म्हातारा झाला, आणि एका उन्हाळ्यात बातमी आली: कामाकुरा जळालं, तिथल्या कारभाऱ्यांनी पोटं चिरून घेतली. इनामाची वाट पाहून विटलेलं सगळं गाव खूश झालं. शेजारी म्हणाला, "आजोबा, दैवानेच तुमचा सूड उगवला बघा."

मिचियासू घरात आला आणि इशीसमोर मटकन बसला.

"तोमोहिराच पहिला चढला होता," तो म्हणाला. "मी या डोळ्यांनी पाहिलं होतं."

"अहो, मला ठाऊक आहे. साऱ्या गावाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "कामाकुराला तेवढं पटवायचं राहिलं होतं."

"आता कुणाला पटवू?"

त्याच्या शेजारी बसून इशी भावासाठी रडली, लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्यादेखत.