तीन कळांचं कुलूप

रेडिओवाल्या काकूंचा एक हट्ट होता. त्यांच्या कार्यक्रमाला पाहुण्यानं रिकाम्या हातानं यायचं नाही. भेटवस्तू नको होती, आपलं काम आणायचं होतं. शिंप्यानं काजं करायचा शर्ट आणायचा, छत्रीवाल्यानं काडी मोडलेली छत्री, माळ्यानं कलम बांधायच्या दोन फांद्या.

"माणसाला नुसतं माईकसमोर बसवलं की तो भाषण ठोकतो," काकू म्हणत. "हात कामात गुंतला की तोंडाला नटायला सवड मिळत नाही."

ही अक्कल त्यांना बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून आली होती. अर्ध्या गावाचे फोन त्यांनी जोडून दिले, कुणाच्या घरात काय शिजतंय ते कानावर पडलं, पण बाहेर कधी चकार शब्द काढला नाही. पुढे एक्स्चेंज यंत्रावर गेलं आणि काकू घरी बसल्या. फोन वाजला की दुसऱ्या घंटीच्या आत उचलायची सवय काही जाईना. सहा महिन्यांनी काका हात जोडून म्हणाले, "अगं, माझे फोन तरी मला घेऊ दे! कुठेतरी माणसांत जा."

काकू वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गेल्या. तिथल्या दोन खोल्यांत गावाचं रेडिओ केंद्र चालायचं. भिंतींना आवाज शोषायला श्रोत्यांनी दिलेल्या जुन्या रजया ठोकलेल्या, टेबलावर ब्लँकेटची घडी, आणि पंखा कुरकुरतो म्हणून कार्यक्रमभर बंद. काचेपलीकडे तंत्रज्ञ बसायचे. पन्नाशीचे गृहस्थ, सगळे त्यांना बटणराव म्हणत. केंद्राचा आवाज फार लांब जायचा नाही. "त्यापेक्षा खिडकीतून ओरडलं तर वीज वाचेल," असं बटणराव दर महिन्याला एकदा तरी म्हणत.

दर बुधवारी सकाळी अकराला काकूंचा कार्यक्रम थेट लागायचा. अकरा वर्षांत एकही बुधवार चुकला नव्हता. फक्त एक माणूस त्यांना आठ महिने हुलकावणी देत होता. तो म्हणजे पोस्टाच्या जिन्याखालचा किल्लीवाला.

एकतीस वर्षं तो त्या टपरीत बसत होता. किल्ली हरवली, मूल आत अडकलं, म्हाताऱ्या माणसानं आतून कडी लावली, की लोक त्याच्याकडे धावायचे. कुणाच्याही दाराशी तो पाच मिनिटांत उभा राहायचा, दार उघडायचा, आणि आत नजरही न टाकता सायकलवर टांग मारायचा.

"काकू, आमचा धंदा गप्प राहण्याचा," तो दर वेळी म्हणे.

शेवटी त्याच्या बायकोनंच त्याला पिटाळलं. "जाऊन या एकदा. एकतीस वर्षांत घरात नाही ऐकला, रेडिओवर तरी तुमचा आवाज ऐकते."

तर त्या बुधवारी तो आला. धुतलेला शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि हातात एक पितळी कुलूप, ज्याची किल्ली हरवली होती. तीन कळांचं कुलूप. गावातल्या दर दोन दारांपैकी एकावर तेच असायचं, कारण गावात दुकान एकच आणि दुकानदाराला दुसरं ठेवायचा कंटाळा.

पहिली दहा मिनिटं "हो", "नाही" आणि "तसंच काहीसं" यात गेली. काकूंना घाम फुटला, तो काही पंखा बंद असल्यामुळे नव्हे. मग त्यांनी कुलूप त्याच्यापुढे सरकवलं. "उघडा बरं. पण ऐकणाऱ्यांना दिसत नाही हं. करताय ते सांगत राहा."

त्यानं बारीक तार घेतली, आणि माणूस बदललाच. खांदे सैल झाले, आवाजाला धार आली. तार कुठून घालायची, कुठली कळ आधी, ती बसल्याचं बोटाला कसं कळतं, सगळं तो सांगत सुटला.

"आणि मग?" काकूंनी विचारलं.

त्यानं सांगितलं.

"म्हणजे नेमकं कुठे दाबलंत?"

तेही सांगितलं. काचेपलीकडे बटणराव दोन्ही हात हलवत होते. काकूंना वाटलं, वेळ भरपूर आहे म्हणताहेत.

खट्! कुलूप उघडलं.

"ऐकलंत ना मंडळी!" काकू खुशीत म्हणाल्या. त्यांनी काचेकडे पाहिलं. बटणरावांनी आता डोकं धरलं होतं.

पुढच्या मिनिटाला फोन वाजायला लागला. पहिला फोन निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा. "तुम्ही रेडिओ चालवता की चोरांची शिकवणी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन आपटला.

किल्लीवाल्यानं तार पिशवीत ठेवली. हात थांबल्यावर त्याला कळलं होतं. "काकू," तो एवढंच म्हणाला, "हे मी माझ्या भावालासुद्धा सांगितलेलं नाही."

संध्याकाळी काकू घरी आल्या तेव्हा काका दारातच उभे.

"आपल्या दाराचं कुलूपही तेच ना गं?"

"हो. का?"

"करून बघितलं. साडेचार मिनिटं लागली." काकांच्या चेहऱ्यावर, लपवूनही लपेना असा, अभिमान होता. "मला! साधी बरणी उघडत नाही माझ्याच्यानं."

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच बसल्या. गावातल्या निम्म्या दारांची लाज त्यांनी दोन प्रश्नांनी काढली होती. पण त्याहून त्यांना खुपत होतं ते वेगळंच. त्या माणसाजवळ होतं काय, तर लोकांचा विश्वास. आणि तो त्यांनी गोड बोलून, माईकपुढे बसवून, चव्हाट्यावर मांडायला लावला होता.

गुरुवारी टपरी बंद. काकू थेट त्याच्या घरी गेल्या. किल्लीवाला खाटेवर बसून जुन्या किल्ल्या घासत होता. घासायची काही गरज नव्हती.

"या, बसा," त्याची बायको म्हणाली. "काल आवाज ऐकला. चांगला आहे हो. आता परत बंद पडलाय."

"चूक माझी आहे," काकू म्हणाल्या. "दोनदा मीच विचारलं, नेमकं कसं म्हणून."

"विचारणं तुमचं काम. गप्प राहणं माझं."

"अहो, पण तुम्हाला कुलपं उघडता येतात हे लोकांना ठाऊकच होतं की. म्हणून तर बोलावतात."

"ठाऊक असणं वेगळं आणि कानानं ऐकणं वेगळं." त्यानं किल्ली उजेडात धरली. "आता मी कुणाच्या दारासमोरून गेलो तरी त्यांना ते खट् ऐकू येणार."

त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. काकू तो पीत बसून राहिल्या. एक्स्चेंजमध्ये लाइन लागत नसली की घाई करायची नाही, एवढं त्यांना माहीत होतं. कप रिकामा झाल्यावर किल्लीवाला आपणहून म्हणाला, "आत चौथी कळ बसवली तर ती युक्ती चालत नाही. कुलपाला दहा मिनिटं लागतात. मी बसवून देईन सगळ्यांना, फुकट. पण द्यायला येणार कोण? कुलूप माझ्या हातात द्यायचं म्हणजे..." त्यानं पुढची किल्ली घासायला घेतली.

"तुम्ही या," काकू म्हणाल्या. "शनिवारी, वाचनालयाच्या अंगणात. बाकीचं मी बघते."

केंद्रप्रमुख बाईंना ते पसंत नव्हतं. वयानं काकूंच्या मुलीएवढ्या, कामाला चोख. "काकू, कशाला राख उकरायची? चार दिवसांत लोक विसरतील."

"लोक विसरतील. पण त्याच्याकडे यायचंही विसरतील."

प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं. "दोन मिनिटं. त्याहून जास्त नाही."

शुक्रवारी सकाळी, 'हरवलं-सापडलं'च्या सूचनांआधी, काकू माईकसमोर बसल्या. कागद नेला नव्हता. कार्यक्रमातली चूक पाहुण्याची नाही, आपली आहे. ज्यानं एकतीस वर्षं तोंड मिटून गावाची दारं सांभाळली त्याला आपण बोलतं केलं, आणि कुठे थांबायचं ते आपल्याला कळलं नाही. तरी उद्या नऊला आपापली कुलपं घेऊन या, असं त्यांनी सरळ सांगितलं. पंचेचाळीस सेकंदांतच झालं. बटणरावांनी काचेपलीकडून अंगठा वर केला. ती खूण मात्र काकूंना बरोबर कळली.

शनिवारी नऊला अंगणात एक टेबल, एक दिवा, किल्लीवाला आणि काकू. सव्वानऊलाही तेवढेच. फाटकाबाहेर पाच-सहा माणसं होती. हातात पिशव्या होत्या, पिशव्यांतून खणखण येत होती, पण आत पाऊल कुणी टाकेना. पहिला कोण म्हणून जो तो दुसऱ्याकडे बघत होता. किल्लीवाल्यानं दोनदा हत्यारं नीट मांडली. तिसऱ्यांदा तो ती पिशवीत भरायला लागला.

तेवढ्यात काठी टेकत मुख्याध्यापिका बाई आल्या. "सरका रे! फाटक काय शोभेला आहे?" असं म्हणत त्या थेट टेबलाशी पोचल्या आणि त्यांनी चार कुलपं समोर ठेवली.

"ही चार. पाचवं पुढच्या दारातच बसवलेलं आहे, आतल्या तीन कळा याच. ते काढून कसं आणू? दार उचलून आणायला सांगता का?"

"नाही बाई. नंतर घरी येऊन..."

"नंतर कशाला? आत्ताच जा." बाईंनी पर्समधून किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "घरात कुणी नाही. मला पुन्हा ते जिने चढवत नाहीत, मी इथेच बसते. अहो रेडिओवाल्या, खुर्ची द्या. आणि फोनवर बोलले ते बोलले, त्यातला शब्दही मागे घेणार नाही. चूक ती चूक."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या आणि स्वतःची खुर्ची पुढे केली.

किल्लीवाला किल्लीकडे बघत उभाच राहिला. मग ती वरच्या खिशात ठेवून त्यानं खिशाचं बटण लावलं, आणि सायकल काढली.

आता फाटकातली मंडळी आत आली. "म्हणजे आम्ही ताटकळत बसायचं?" पोस्टातला शिपाई कुरकुरला.

"बसायचं," बाई म्हणाल्या. "रांगेत."

रांग लागली. कुलपं बाकावर, मालक बाकाशेजारी जमिनीवर पाय पसरून. बटणराव वरून उतरून आले, त्यांच्याही खिशातून एक कुलूप निघालं.

चाळीस मिनिटांनी सायकल परत आली. किल्लीवाल्यानं बटण काढून किल्ली बाईंच्या हातात दिली.

"झालं. पण बाई, तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. माणूस आरामात आत जाईल एवढी. लावून आलोय."

अंगणात एकदम हशा पिकला. बाईंनी एक क्षण ओठ आवळून धरले, मग त्याही हसल्या.

"पुढचं," किल्लीवाला म्हणाला आणि दिवा जवळ ओढला.